जुनी कॅसेट नव्या यंत्रात चाललीच पाहिजे

नवा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, आला की वाद ठरलेला. कंपनीने काहीतरी नवीन करून दाखवावं, की जुने गेम्स चालू ठेवावेत? माझं मत पक्कं आहे. जुने गेम्स आधी चालू द्या, मग काय नवं करायचं ते करा.

समोरच्यांच्या मुद्द्यात दम आहे, हे मान्य. निन्टेन्डो कंपनीच्या वी यू या कन्सोलवर आधीच्या वी कन्सोलचे गेम्स चालायचे, तरी त्याचा खप १ कोटी ३५ लाखांच्या आसपासच थांबला. त्याच कंपनीच्या २०१७ च्या स्विच कन्सोलवर मागचं काहीच चालत नव्हतं आणि तो १५ कोटींच्या पुढे गेला. पण लोकांनी स्विच घेतला तो घरी टीव्हीला जोडता येतो आणि बाहेर हातात धरून खेळता येतो म्हणून. जुने गेम्स चालत नाहीत म्हणून कोणी घेतला नाही! उलट वी यूवर ‘मारियो कार्ट ८’ घेतलेल्यांना तोच गेम स्विचसाठी परत विकत घ्यावा लागला.

माझ्याकडे निन्टेन्डोचा डीएस लाइट हा हातात धरून खेळायचा कन्सोल होता. त्याला खालच्या बाजूने आधीच्या पिढीतल्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची कॅसेट बसायची. पूर्ण आत जायची नाही, बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी बाहेर राहायची, खेळताना तळहाताला टोचायची. ‘पोकेमॉन सफायर’ची कॅसेट तशी खोचून मी माझा स्वॅम्पर्ट नावाचा पोकेमॉन ‘डायमंड’ या डीएसच्या गेममध्ये नेला होता. एका वेळी सहाच पोकेमॉन नेता यायचे आणि गेलेला परत आणता यायचा नाही. बटण दाबण्याआधी मी कितीतरी वेळ नुसता बसून होतो. दोन स्क्रीन, टचस्क्रीन, सगळं नवं होतं त्या यंत्रात, आणि जुन्यासाठी जागाही ठेवलेली होती. पुढे डीएसआय या नंतरच्या यंत्रातून ती खाच काढून टाकली, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या स्विच २ बद्दल मला मनापासून आनंद आहे. चिप वेगळी आहे, त्यामुळे पहिल्या स्विचचा जुना गेम चालता चालता नव्या यंत्राला कळेल असा बदलून घ्यावा लागतो. सगळे गेम्स शंभर टक्के नीट चालत नाहीत, तरी बहुतेक चालतात. आणि त्याच यंत्रात जॉय-कॉन, म्हणजे बाजूचा सुटा होणारा कंट्रोलर, टेबलावर आडवा सरकवून माऊससारखाही वापरता येतो.

काळजी वाटते ती स्विच २ च्या गेम-की कार्डांची. त्या कार्डात गेम नसतोच, तो डाउनलोड करावा लागतो. वी यूच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद झाली. उद्या डाउनलोडही बंद झालं, तर स्विच ३ मध्ये ते कार्ड घालून करायचं काय?