यंदा तू कॅलेंडर घे

यंदा मला डायरी मिळाली नाही. मिळाली नाही म्हणजे संपली होती, मी उशिरा गेलो, असलं काही नाही. पिशवीत होती, माझ्या डोळ्यासमोर होती, चॉकलेटी रेक्झिनची, वर सोनेरी आकड्यात 2026, आणि मामांनी ती बाहेर काढली, मांडीवर ठेवली, माझ्याकडं जरा बघितलं आणि परत आत घालून सुरळी केलेलं एक कॅलेंडर माझ्या हातात दिलं. "यंदा तू कॅलेंडर घे."

मामा म्हणजे आमचे विमा एजंट. सख्खे नव्हेत, वडिलांचे दोस्त. वडिलांच्या, माझ्या, बायकोच्या, मुलीच्या शिक्षणाच्या सगळ्या पॉलिसी त्यांच्याच हातच्या. वय 74, अजून स्कूटर चालवतात, आणि टिळकवाडीत रेल्वेच्या दुसऱ्या गेटात अडकले की गाडी जाईपर्यंत शेजारच्या स्कूटरवाल्याला विमा समजावून सांगतात असं ऐकून आहे. दर जानेवारीत एका रविवारी येतात, शुगर आहे म्हणून बिनसाखरेचा चहा घेतात, आणि कुंदा ही मिठाई आमच्या बेळगावची आहे म्हणून ती दोनदा घेतात. मग जाताना डायरी. इतकी वर्षं हा क्रम कधी चुकला नव्हता.

"का ओ मामा?"

"गेल्या वर्षीची आण बघू."

मला वाटलं कुणाचा तरी फोन नंबर बघायचा असेल. गाढवासारखा आत जाऊन घेऊन आलो. मामांनी चष्मा पुसला, चहाची बशी बाजूला सरकवली, आणि मेडिकल रिपोर्ट बघतात तशी डायरी उघडली. मोठ्यानं वाचायला लागले. बायको स्वयंपाकघराच्या दारात, मुलगी मोबाईलमधून मान वर काढून.

"एक जानेवारी. 'आजपासून रोज एक पान. काही झालं तरी.' बरं. दोन तारीख. 'पेटीचा क्लास लावला.' चांगलं. तीन. 'पेटी.' चार. 'पेटी. बोटं दुखतात.' पाच..." पान उलटलं. "पाचला काय झालं रे?"

"बोटं दुखत होती."

"बरोबर." पुढं गेले. "एकोणीस जानेवारी. 'राखी धनेश. आवाज ऐकला, दिसला नाही.'" इथं मामा थांबले. डोळ्यात चमक आली. "हा धनेश कुठला?"

"भीमगडचा."

"खानापूरकडला? काय करतोय?"

"पक्षी आहे मामा. मोठ्या चोचीचा. आम्ही पक्षी बघायला गेलो होतो जंगलात."

"पक्षी होय." खरोखर निराश झाले. "मला वाटलं नवीन माणूस भेटलाय. आवाज ऐकला, दिसला नाही, अशी माझी लई गिऱ्हाईकं हाईत. आतनं बोलत्यात, नाही म्हणून सांगा म्हणून."

मग कोरी पानं. मामा एकेक उलटत होते, गठ्ठ्यानं नाही, एकेक, अंगठ्याला थुंकी लावून. फेब्रुवारी गेला. मार्च गेला. त्या शांततेत पानांचा तो आवाज, मी काय सांगू. जून महिन्यात गाडी थांबली. "अकरा जून. 'दोडकी 3.' बारा जून. 'दोडकी 2, एक किडकं.' आणि?" 

"गच्चीवर भाजी लावली होती."

"आणि?"

"पाऊस आला."

मामांनी डायरी मिटली, वर हात ठेवला. "लॅप्स."

आता मला सांगा, हप्ता थकून बंद पडलेल्या पॉलिसीचा हा शब्द माणसाच्या तोंडावर म्हणायचा असतो काय. मी म्हणालो, मामा, डायरी म्हणजे काय पॉलिसी आहे? तर मामा सरसावून बसले, कारण आता विषय त्यांच्या अंगणात आला. "पॉलिसीच की. रोजचा हप्ता. ग्रेस पिरियड, म्हणजे हप्ता चुकल्यावरची सवलत, किती असतोय? वर्षाच्या हप्त्याला 30 दिवस, महिन्याच्याला 15. तू पाच महिने गायब. आता रिव्हायवल, म्हणजे बंद पडलेली परत चालू, करता येतंय, नाही असं नाही, पहिला हप्ता चुकल्यापासनं पाच वर्षांच्या आत, खरं थकलेला हप्ता सगळा भरायचा, वर व्याज. आणि तब्येत चांगली हाय म्हणून डिक्लरेशन. भरणार हैस काय? जानेवारी वीसपासनं सगळं लिहून काढ, देतो डायरी."

"गेल्या फेब्रुवारीत काय झालं ते आत्ता कसं आठवणार?"

"मग पेड-अप कर. जेवढं भरलंस तेवढ्याचंच मिळंल." मग बायकोकडं बघून, "सरेंडर केलीस, म्हणजे मधेच मोडलीस, तर काय मिळत नाही पोरी. पुठ्ठ्याचं रद्दीवाला पण धरत नाही."

बायको हसली. हे मी लक्षात ठेवलं आहे.

खरं सांगायचं तर डायरीचं खूळ डोक्यात शिरलं तेच बेळगावामुळं. 2000 साली इथं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, य. दि. फडके अध्यक्ष, आणि मी स्वयंसेवक, म्हणजे जेवणाच्या मांडवात पाणी वाढायला. तीन दिवस पाणी वाढून मला वाटायला लागलं की आपणही लेखक आहोत. वडील म्हणाले, आधी रोज एक पान लिही, मग बघू, आणि मामांकडनं आलेली त्यांची डायरी मला दिली. वडिलांना संमेलनांचा भारी अभिमान. 1946 चं संमेलनही बेळगावातच झालं आणि त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी स्वतः तिथं पाणी वाढलं असावं असं वाटतं. तो ठराव आणि माझी डायरी, दोन्ही आमच्या घरापुरती अजून अपुरीच. 2004 पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, तिथंही नुसत्या तारखा, माझ्या डायरीतही नुसत्या तारखा. त्याही दुसऱ्यानं छापलेल्या.

बरं, मी आळशी आहे म्हणावं तर तसंही नाही. मला छंद आहेत, हीच अडचण आहे. पेटी, पक्षी, गच्चीवरची भाजी, मध्ये जुनी नाणी, लॉकडाऊनमध्ये गियरची सायकल. आता सायकल चालवायची की सायकल चालवली असं लिहायचं? दोन्ही केलं तर ऑफिसला कोण जाणार? त्या सायकलीवरून मी सगळ्यात लांब गेलो तो एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत, दंडाला काळी फीत बांधून, आणि तेही अर्ध्यात चेन पडली म्हणून ढकलत परत आलो. घरी येऊन डायरी उघडली तर एक नोव्हेंबरच्या पानावर लाल अक्षरात कर्नाटक राज्योत्सवाच्या शुभेच्छा छापलेल्या. 1956 साली याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं, तेव्हापासून आमच्या लोकांना हा दिवस काळा, आणि डायरीत लाल. काय लिहिणार त्याच्या खाली? चेन पडली?

आणि छंद सोडा, बाकीचं आयुष्य काय डायरीला विचारून येतं? माझी बदली झाली चिकोडीला, तीन वर्षं रोज जाऊन येऊन. सकाळी सहाला घर सोडायचं, रात्री आठला परत, एसटी नाही, आमच्याकडली लाल बस, तिच्यात लिहिलेलं अक्षर ईसीजीसारखं येतं. मग मुलगी झाली. मग आईचा गुडघा. मग मुलीची दहावी, म्हणजे घरात मोठ्यानं श्वास घ्यायचा नाही. लोक भेटतात आणि विचारतात, "अजून लिहितोस काय?" अगदी "अजून पितोस काय" विचारतात त्याच आवाजात. आणि सल्ला देतात की नुसती पंधरा मिनिटं रोज, सवय लागते. ही पंधरा मिनिटंवाली माणसं मला एकदा रांगेत उभी करून बघायची आहेत. योगाला पंधरा, चालायला पंधरा, वाचायला पंधरा, आईवडिलांशी बोलायला पंधरा, पेटीला पंधरा, माझ्या दिवसात अशी पंधरा-पंधरा मिनिटं मागणारे इतके आहेत की मी संक्रांतीचा तिळगूळ झालोय, जो येतो तो चिमूटभर घेऊन जातो. आणि वर गोड बोला.

असो. मामा.

मामा एका डायरीवर थांबले असते तर मी मामांना माफ केलं असतं. "मागच्या काढ की," म्हणाले, आणि मी नको नको म्हणेपर्यंत मुलगी कपाटावरचा गठ्ठा घेऊन आली. (तिला अभ्यासाचं एक पुस्तक आण म्हटलं तर अर्धा तास लागतो.) सगळ्यांची तीच कथा. 2003, नऊ फेब्रुवारीपर्यंत. 2008, लग्नाचं वर्ष, 'आज ती म्हणाली' इथपर्यंत, पुढं काय म्हणाली ते नाही. बायको म्हणाली, "मी काय म्हणाले होते?" मला आठवत नाही. आता हे प्रकरण वेगळं चालू आहे.

मग 2019 ची हातात आली. मामा पानं उलटत ऑगस्टपर्यंत गेले आणि म्हणाले, "हे बघ. हे अक्षर कुणाचं?"

सात ऑगस्ट. त्या आठवड्यात पाऊस असा पडत होता की गावात घराघरात पाणी, कोल्हापूरजवळ हायवे बंद, आत्याला भावाचं शेवटचं तोंड बघायला येता आलं नाही. त्या दिवशीच्या पानावर माझं एक अक्षर नाही. पण पान कोरंही नाही. तिरकं, मोठं, निळ्या बॉलपेननं: मूळ पॉलिसी. मृत्यू दाखला. क्लेम फॉर्म. नॉमिनीचं आधार. कॅन्सल चेक. खाली दोन रेघा.

"मी लिहिलोय की," मामा म्हणाले. "कागद गावना, तुझी डायरी टीव्हीवर पडलेली. बघ, आख्ख्या ऑगस्टात मी एकटाच लिहिलोय तुझ्या डायरीत."

आणि हसले. त्यांचंही काही चुकलं नाही. क्लेम त्यांनीच महिन्याभरात पास करून आणला, एकदाही आईला ऑफिसात नेलं नाही. पण मला त्या क्षणी ती डायरी त्यांच्या हातातून काढून घ्यावीशी वाटली. म्हणजे तीन दोडकी लिहायला मला वेळ होता. धनेश दिसला नाही तेही लिहिलं. आणि तो दिवस लिहिला कुणी तर ज्याला कागद सापडला नाही त्यानं. मामांनी पान एकदा हातानं सपाट केलं, दोस्ताच्या नावानं काही बोलतील असं वाटलं, तर म्हणाले, "कुंदा अजून हाय काय गं?"

बायको कुंदा घेऊन आली तेव्हा तिच्या काखेत तिची वही होती. वही म्हणजे दुधाची. दूध, गॅस कधी लावला, कामवाल्या मावशींचे खाडे, इस्त्रीचे कपडे. लग्नापासून वर्षाला एक अशा सगळ्या आहेत, लग्नातल्या अहेराच्या पिशवीत ठेवलेल्या. तिला काही सिद्ध करायचं नव्हतं, मावशींचा पगार द्यायचा होता म्हणून ती बघत होती. पण मामांनी हात पुढं केला.

वाचताना मामांचा आवाजच बदलला. "एक जानेवारी. दूध दीड. दोन. दूध दीड. तीन. दूध दोन, पाहुणे. चार, दीड, मावशी नाही..." भजनासारखं चाललं. एक दिवस चुकलेला नाही. बाळंतपणातले पंधरा दिवस तिच्या आईच्या अक्षरात. "पोरी," मामा म्हणाले, "ह्याला म्हणत्यात इन फोर्स, चालू पॉलिसी." आणि पिशवीतनं चॉकलेटी डायरी काढून तिला दिली. वर म्हणाले, "आता हप्त्यावर जीएसटी पण नाही, गेल्या 22 सप्टेंबरपासनं. तुझ्या नावानं अजून एक काढूया काय?" काढली. ते काही उगीच चौऱ्याहत्तरीपर्यंत टिकलेले नाहीत.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, "राग मानू नको. तुझ्या बापाला पण मी 1987 पासनं डायरी देऊलालो होतो, त्यानं पण फक्त कोर्टाच्या तारखा लिहिल्या. खरं त्यानं त्या चुकवल्या नाहीत." आता ही समजूत होती की काय होतं?

रात्री सगळे झोपल्यावर मी बायकोची 2019 ची वही काढून बघितली. सात ऑगस्टला लिहिलंय, 'दूध परत पाठवलं.' बस. पुढच्या दिवशी पण तेच. मग तेराव्यानंतर 'दीड' च्या जागी 'सव्वा', आणि मग बरेच दिवस सव्वाच. मुलगी मोठी झाली तेव्हा परत दीड.

कॅलेंडर मी फ्रिजशेजारी लावलंय. चौकोन एवढा आहे की त्यात 'पेटी' मावतं आणि 'बोटं दुखतात' मावत नाही. नवीन डायरी स्वयंपाकघरात आहे, तिच्या पहिल्याच पानाला तुपाचा डाग पडलाय, आणि बायकोचं म्हणणं की तिच्यातल्या रेघा लांब आहेत म्हणून दुधाला उगीच जागा वाया जाते, तिला साधी वहीच बरी पडते. मग मला दे की, म्हटलं. तर नको, मामा विचारतील म्हणाली.

मार्चमध्ये माझ्या पॉलिसीचा हप्ता आहे. मी ठरवलं, यंदा मामांना चार फेऱ्या मारायला लावायच्या. आज नाही उद्या या, चेकबुक संपलंय, सही बसत नाही, कळू दे जरा. हे मोठ्या आनंदानं बायकोला सांगितलं. ती डायरीत काहीतरी लिहीत होती, मान वर न करता म्हणाली, "ते ऑटो डेबिट आहे."