फोटोत कापूस करडा का येतो? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण कामाची आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तुमचा स्टुडिओ आहे आणि लग्नांच्या ऑर्डरी तुम्ही वर्षानुवर्षं घेता. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद), सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) आणि एक्सपोजर (फोटोत किती प्रकाश घ्यायचा) यांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, "कायले पोट्ट्याइचं डोकं खाता भाऊ? कॅमेरा बनवणाऱ्याले अक्कल नाही का? ऑटोवर टाका, जेपेग काढा, चेहरा काळा दिसला त लाइट वाढवा, झालं." वर 50 मेगापिक्सेलचा मोबाइल माझ्या 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला भारी पडतो, हेही सुनावलंत.

रॉचं आधी मिटवू, तिथं आपलं भांडण फार नाही. 24 मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण 25 ते 30 एमबीची होते. लग्नात दोन हजार फ्रेम काढल्या की 50 जीबीच्या वर गेलं, आणि त्या एकेक करून उघडत बसायला तुम्हाला वेळ कुठला? पार्टीला अल्बम आठवड्यात पाहिजे असतो. तुम्ही जेपेगच, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः तयार करून दाबलेला फोटोच, काढा. पण लेख तुमच्यासाठी नव्हता, शिकणाऱ्या पोरांसाठी होता. रॉ म्हणजे सरकीसकट कापूस आणि जेपेग म्हणजे जिनिंगमधून निघालेली गाठ. कॅमेऱ्याने काय ठेवलं, काय फेकलं हे गाठीकडे बघून कळत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. पाचशे रुपयांच्या फोटोला एवढ्या पायऱ्या लागतात का? बहुतेक वेळा नाही. गुलाबी कापडाच्या मांडवाखाली नवरीचा चेहरा गुलाबी आला की मात्र लागतात, कारण रॉमध्ये व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल) घरी येऊन बदलता येतो आणि फोटो फाटत नाही. तेवढ्या विधीपुरतं रॉ चालू करून बघा, एवढंच म्हणेन.

मोबाइलचं उत्तर मात्र साफ "नाही" आहे. तुमच्या माझ्या एपीएस-सी नावाच्या मापाच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे 23.5 बाय 15.6 मिलिमीटर असतो. अर्धा इंच म्हणून विकला जाणारा मोबाइलचा सेन्सर भरतो 6.4 बाय 4.8 मिलिमीटर. (अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, पण हा कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजला तरी 8. जुन्या टीव्ही कॅमेऱ्याच्या नळीच्या मापाचा हिशेब अजून चालू आहे, दुसरं काही नाही.) क्षेत्रफळात बारा पटींचा फरक. एवढ्याशा जागेत 50 मेगापिक्सेल कोंबले की एकेकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो, म्हणून असे बहुतेक मोबाइल चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. भर दुपारी फरक दिसणार नाही. रात्रीच्या वरातीत दिसेल.

आता खरा मुद्दा, ऑटोचा. कॅमेरा बनवणाऱ्याला अक्कल आहे, पण समोर काय आहे हे कॅमेऱ्यातल्या मीटरला माहीत नसतं. तो परत आलेला प्रकाश मोजतो आणि सगळं मिळून मध्यम करड्याच्या आसपास आणायला बघतो. शाळेच्या पुस्तकातल्या फोटोला हे चालतं. आपल्याकडे मात्र जमीन काळी आणि पीक पांढरं. जिनिंगच्या आवारात कापसाचा ढीग फ्रेमभर घ्या. मीटर म्हणतो फार उजेड झाला, आणि पांढरंशुभ्र बोंड राखेसारखं करून टाकतो. तिथं दीड-दोन स्टॉप वर जावं लागतं. एक स्टॉप वर म्हणजे प्रकाश दुप्पट. उलट वखरलेल्या काळ्या वावरात गवळाऊ बैल उभा करा. फ्रेमभर काळं दिसल्यावर मीटर उजेड वाढवतो आणि बैलाची पाठ चुन्यासारखी सपाट होते, केस ना वळ्या. तिथं एक-दीड स्टॉप खाली. नवे मीटर आधीपेक्षा शहाणे झालेत, चेहरा ओळखतात, पण पोळ्याच्या दिवशी झूल घातलेल्या बैलावर त्यांची परीक्षा घ्या आणि मग बोला.

आणि भाऊ, "चेहरा काळा दिसला त लाइट वाढवा" हे तुम्हीच लिहिलंय ना? मी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन म्हणून दोन परिच्छेद लिहिले ते हेच. तुमचं बोट इतक्या वर्षांत आपोआप उजेड कमी-जास्त करायच्या चाकावर जातं, म्हणून तुम्हाला ते ऑटो वाटतं. नव्या पोराचं बोट जात नाही. त्याला कुणीतरी सांगावं लागतं, किंवा तुमच्यासारखी दहा-वीस लग्नं खराब करून शिकावं लागतं. ती लग्नं कुणाची असतील?

स्क्रीन बघून ठरवायचं म्हणता, तर वैशाखातल्या बारा वाजता स्क्रीनवर काय दिसतं? सगळंच अंधारं. पोरगा वाढवत जातो आणि घरी येऊन बघतो तर नवरदेवाचा पांढरा सदरा गायब. म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधार-उजेड किती याचा आलेख, डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं. आलेख उजव्या भिंतीला चिकटला की तिथला तपशील गेला. सेन्सरचा पिक्सेलच काठोकाठ भरला असेल तर रॉसुद्धा काही परत देत नाही. त्यातही फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा तीन रंगांचे वेगळे आलेख लावा. पळसाचा लाल एकटाच भिंतीला लागलेला असतो आणि एकत्र आलेखात सगळं ठीक दिसतं. पाकळीचा नुसता केशरी डाग होतो तो त्यामुळे. बहुतेक सेन्सरवर कोडॅकच्या ब्राइस बायर यांची 1976 च्या पेटंटची रंगीत फिल्टरची जाळी असते: निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. उन्हात लाल मुळात कमी नोंदला जातो, म्हणून जेपेग बनवताना कॅमेरा तो वाढवतो, आणि पळसाचा लाल तिथेच भिंतीला लागतो. रॉमध्ये पुष्कळदा तो शाबूत सापडतो.

मीटर नसतानाची एक जुनी युक्ती तुमच्या पोरांना सांगाच. लख्ख उन्हात अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ 16, आयएसओ (प्रकाश किती वाढवून नोंदायचा) 100, शटर (प्रकाश आत घ्यायचा वेळ) सेकंदाचा शंभरावा भाग. एफ 8 केलं, म्हणजे भोक मोठं केलं, तर चारशेवा भाग. पारा 46 वर गेला म्हणून यात बदल होत नाही, ऊन तापलं तरी उजेड तेवढाच. सावलीत गेलात तर तीनेक स्टॉप वाढवायचे.

शेवटी विचारलंत, पोट्ट्यानं मग कॅमेरा घ्यावा की नाही. लगेच नाही. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओ हाताने बदलता येतात, एक हंगाम त्यावर काढू द्या. फोटो वॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर अॅप तो आणखी दाबतं आणि दोष पोराच्या माथी येतो. कॅमेरा घेतलाच तर 128 जीबीचं एक कार्ड घेण्यापेक्षा 64 ची दोन घ्या, आणि फॉरमॅट कॉम्प्युटरवर नाही, कॅमेऱ्यातच करा.