‘आचारसंहिता संपली, केस संपली’ म्हणे!

मेसेज खूप लांब आहे, शेवटी हात जोडलेल्या सहा बाहुल्या आहेत आणि वर लिहिलंय, ‘प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोहोचवा’. पोहोचला. माझ्या ताईपर्यंतही पोहोचला, आणि तिनं तो मला पाठवून खाली विचारलं, ‘यात लिहिलंय तसं असेल तर उगाच कशाला वैर? पोराला सांगू का तक्रार मागे घ्यायला?’

पोरगा म्हणजे माझा भाचा. जानेवारी २०२६ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक झाली, त्यात तो एका उमेदवाराचं टेबल सांभाळत होता, मतदारांना स्लिपा लिहून देत होता. संध्याकाळी दुसऱ्या बाजूची पंधरा-वीस पोरं आली, टेबल उलटं केलं आणि याच्या कपाळावर रॉड बसला. टाके पडले. कुठला वॉर्ड, कुठला पक्ष, ते इथं लिहीत नाही, कारण लगेच निम्मे वाचक पक्ष बघून मत बनवतील. नंतर आमच्या भागातल्या रहिवाशांनी सह्या करून निवेदन दिलं की हे गुन्हे दाबू नका, मागे घेऊ नका, आणि पोरं कुणी पाठवली त्याचाही तपास करा. त्या निवेदनाला उत्तर म्हणून हा फॉरवर्ड फिरतोय. नोकरीची बरीच वर्षं माझी कोर्टाच्या कारकुनीत गेली. वकील नाही, पण एवढ्या थापा ओळखण्यापुरतं कळतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: निवडणुकीतले गुन्हे आचारसंहितेपुरते असतात, निकाल लागला की आपोआप रद्द होतात. सरकारनं जीआर काढलाय, पाच लाखांपर्यंत नुकसानीचे सगळे गुन्हे मागे. तक्रार मागे घेतली नाही तर तक्रारदाराचंच नाव पोलीस रेकॉर्डवर येतं, पासपोर्ट अडकतो, नोकरी जाते. नेता जागेवर नव्हता, त्याचा संबंध नाही. मुंबईत हे आधीपासून चालत आलंय, आजवर कुणाला शिक्षा झाली? आणि शेवटी, पोरांच्या आयुष्याचा प्रश्न आहे, मन मोठं करा.

आचारसंहितेचं आधी संपवतो, कारण त्यात दम नाही. आचारसंहिता ही पक्षांनी आणि सरकारनं निवडणुकीच्या काळात कसं वागावं याची नियमावली. डोकं फोडणं हा गुन्हा आचारसंहितेत नाही, भारतीय न्याय संहितेत आहे, आणि ती बाराही महिने लागू असते. जमाव जमवून दंगा केला तर कलम १९१, हत्यारानं दुखापत केली तर ११८. निकालाच्या दिवशी गुलाल उधळला म्हणून ही कलमं धुऊन जात नाहीत. मतदाराला धमकावण्याचा गुन्हासुद्धा, म्हणजे कलम १७४, निकालानंतर तसाच उभा राहतो.

‘आपोआप’ या गोष्टीत एक मेख मात्र आहे, आणि ती फॉरवर्ड लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसेल. ज्या गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यांची दखल घ्यायला कोर्टालाही मुदत असते, जास्तीत जास्त तीन वर्षांची. तेवढ्या काळात आरोपपत्र गेलं नाही तर प्रकरण मुदतबाह्य ठरू शकतं. मुंबईकरांना याचं उदाहरण मुद्दाम सांगायला नको. १९९२-९३ च्या दंगलीच्या काळातल्या अग्रलेखांवरून बाळासाहेब ठाकरे यांना २५ जुलै २००० रोजी अटक झाली, अख्खं शहर श्वास रोखून बसलं, आणि भोईवाड्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी प्रकरण मुदतबाह्य म्हणून संपवलं. तो मामला निवडणुकीचा नव्हता, हे मान्य. पण केस कशी मरते ते त्यात दिसतं. मधल्या सात वर्षांत आलेल्या-गेलेल्या सरकारांनी फाइल हलवली नाही म्हणून ती मेली. म्हणून निवेदनात ‘आरोपपत्र कधी दाखल करणार ते लेखी सांगा’ ही ओळ आहे, आणि म्हणूनच ती काहींना झोंबली आहे.

आता जीआर. हा मुद्दा लोकांना सगळ्यात पटतो, कारण तो अर्धा खरा आहे. महाराष्ट्रात राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय वेळोवेळी निघालेत. सरकार कुणाचंही असो, निघतात. अट अशी असते की जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नसावं. फॉरवर्डनं यातलं ‘पाच लाख’ तेवढं उचललं आणि ‘आंदोलन’ गाळलं. पाणी येत नाही म्हणून वॉर्ड ऑफिसवर हंडा मोर्चा नेणं हे आंदोलन. स्लिपा लिहिणाऱ्या पोराच्या कपाळात रॉड घालणं हे कुठल्या मागणीसाठी केलेलं आंदोलन होतं, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

बरं, धरून चालू की एखाद्या समितीनं डोळे मिटून तेही आंदोलनात घातलं. तरीही जीआर निघाला म्हणजे खटला संपला, असं नसतं. खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकिलानं करायचा असतो, स्वतःची बुद्धी वापरून, आणि त्याला कोर्टाची संमती लागते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. नव्या कलमात एक भर पडली आहे: पीडिताला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय कोर्ट खटला मागे घेऊ देणार नाही. ताई, हे दोनदा वाच. ज्याच्या कपाळाला टाके पडले त्याला ‘माझी हरकत आहे’ असं न्यायाधीशासमोर सांगायचा हक्क कायद्यानंच दिलाय. आणि मेसेज सांगतोय की त्याच्या हातात काहीच नाही!

पाच लाखांच्या आकड्यावर ज्यांची भिस्त आहे त्यांनी केरळचा निकाल वाचावा. १३ मार्च २०१५ ला केरळच्या विधानसभेत अर्थमंत्री के. एम. मणी अर्थसंकल्प मांडत होते. विरोधी डाव्या आघाडीचे आमदार अध्यक्षांच्या मंचावर चढले, खुर्ची फेकली, संगणक, माइक फोडले. नुकसान किती? २ लाख २० हजार ९३ रुपये. मेलं कुणी नाही. म्हणजे आपल्याकडच्या जीआरच्या दोन्ही अटींत चपखल बसणारं प्रकरण. पुढच्याच वर्षी तीच आघाडी सत्तेवर आली आणि सरकारनं आपल्याच लोकांवरचा खटला मागे घ्यायचं ठरवलं. तिरुवनंतपुरमच्या दंडाधिकाऱ्यांनी नकार दिला. उच्च न्यायालयानं नकार दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २८ जुलै २०२१ ला न्या. चंद्रचूड आणि न्या. शहा यांच्या खंडपीठानंही नकारच दिला. आमदारांना सभागृहात जे विशेषाधिकार असतात ते काम करण्यासाठी असतात, मोडतोड करून फौजदारी कायद्यातून सुटण्यासाठी नसतात, असं कोर्टानं स्पष्ट केलं. त्या आरोपींपैकी एक जण, व्ही. शिवनकुट्टी, तेव्हा राज्याचे शिक्षणमंत्री होते. मंत्र्यावरचा सव्वादोन लाखांचा खटला राज्य सरकारला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मागे घेता आला नाही, आणि आमच्या गल्लीतल्या भाईंना वाटतंय की जीआरची झेरॉक्स दाखवली की ठाण्यातून फाइल परत मिळेल.

त्यानंतर दोन आठवड्यांत, १० ऑगस्ट २०२१ ला, सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाचर मारली. आजी-माजी खासदार-आमदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत. नगरसेवक त्यात येत नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. यावं असं मला वाटतं.

आता ज्या मुद्द्यानं ताई घाबरली तो. तक्रारदाराचं नाव ‘पोलीस रेकॉर्डवर’ येतं म्हणे, आणि पासपोर्ट अडकतो. हा या मेसेजमधला सगळ्यात नीच मुद्दा आहे, कारण तो चाळीतल्या, एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतीतल्या, मुलाला कुठंतरी नोकरी लागेल म्हणून डोळे लावून बसलेल्या आईला बरोबर लागतो. पासपोर्ट कायदा १९६७ चा आहे. त्याच्या कलम ६ मध्ये पासपोर्ट नाकारायची कारणं दिली आहेत, त्यातलं एक असं की अर्जदारानं केल्याचा आरोप असलेल्या गुन्ह्याचा खटला फौजदारी न्यायालयात प्रलंबित आहे. अर्जदारानं केलेला! ज्याला मार बसला त्यानं नव्हे. एफआयआरमध्ये तक्रारदार म्हणून नाव असणं हा डाग असेल तर चोरी झालेलं प्रत्येक घर आणि मोबाइल मारला गेलेला लोकलचा प्रत्येक प्रवासी या शहरात डागी ठरेल.

पण हा मुद्दा लिहिणाऱ्याला एक गोष्ट नक्की माहीत आहे, आणि ती मला नाइलाजानं कबूल करावी लागते. मार खाणाऱ्यानं तक्रार केली की दुसरी बाजू उलट तक्रार ठोकते. ‘यानंच आधी शिवी दिली, यानंच आधी हात उचलला.’ मग दोन्हीकडचे आरोपी, मग ठाण्यात चहा, मग ‘दोघांनी मिटवा ना, कशाला करिअर खराब करता’. म्हणजे धोका खोटा नाही, फक्त तो कायद्यातून आपोआप येत नाही. तो धोका मेसेज पाठवणारेच तयार करतात आणि मग आपल्याला प्रेमानं सावध करतात. तक्रार मागे घे नाहीतर बघ, असं कुणी धमकावून सांगत असेल तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३५१. तो मेसेज पुसून टाकू नका. साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केली आहे आणि तिच्यासाठी जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. किती जणांना खरंच संरक्षण मिळतं हा वेगळा वाद. अर्ज केला की निदान कागद तयार होतो.

आणखी एक अर्धसत्य. साधी दुखापत असेल तर मार खाल्लेला माणूस तडजोड करू शकतो, कायदाच तशी मुभा देतो. म्हणूनच तर पहिल्या रात्री ठाण्यात ‘एनसी घेऊ या’ असा आग्रह असतो. अदखलपात्र म्हणून नोंद झाली की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासच नाही, आणि पुढं मिटवायलाही सोपं. भाच्याचंही आधी तसंच झालं. वैद्यकीय अहवाल दाखवून, रॉडचा उल्लेख लावून धरल्यावर मग एफआयआर झाला. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. ठाण्यात घेतला नाही तर वरच्या अधिकाऱ्याला लेखी, तिथंही नाही तर दंडाधिकारी. तक्रारदाराला प्रत फुकट द्यायची असते. ताईकडे ती प्रत आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर.

नेता जागेवर नव्हता? नसेलच. तो कधी असतो? कट आणि चिथावणी यांची कलमं त्याच्यासाठीच आहेत. पुढं.

‘मुंबईत आधीपासून चालत आलंय.’ हो, आलंय. जून १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला आणि त्याच वर्षी त्यांच्या रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक लढवली गेली. जुनी गोष्ट आहे म्हणून ती परंपरा होते का? गणेशोत्सव आहे का हा?

‘आजवर कुणाला शिक्षा झाली?’ बिहारमध्ये १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत मतदानाच्या दिवशी छपऱ्याजवळ दोन माणसांचा खून झाला. आरोपी प्रभुनाथ सिंह, पुढं खासदार झाले. खालच्या कोर्टानं सोडलं, पाटणा उच्च न्यायालयानंही सोडलं. मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांनी पाठ सोडली नाही. १८ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं दोषी ठरवलं आणि १ सप्टेंबरला जन्मठेप दिली. तपास अधिकारी, सरकारी वकील आणि खालची न्यायव्यवस्था, तिघांनी आपलं काम केलं नाही असे ताशेरेही ओढले. अठ्ठावीस वर्षं लागली, यात अभिमानानं सांगण्यासारखं काही नाही. पण ‘कुणालाच नाही’ हे खोटं आहे. आणि हे सगळं बिहार-बंगालमध्ये, असं म्हणणाऱ्यांसाठी: बंगालमध्ये २०२१ च्या निकालानंतरच्या हिंसाचारातले खून-बलात्कारांचे गुन्हे कलकत्ता उच्च न्यायालयानं सीबीआयकडे दिले, तेही लोक ओरडले म्हणूनच.

राहिलं ‘पोरांच्या आयुष्याचा प्रश्न’. इथं मात्र मी फॉरवर्डशी थोडा सहमत आहे. ज्यानं रॉड मारला तो पोरगाही वीस-बावीसचाच असेल, त्याच्या आईनंही हाच मेसेज वाचला असेल. तारखा तो मारणार, जामिनाला मामा शोधणार, आणि ज्यानं त्याला दिवसभराची बिर्याणी आणि बाइकचं पेट्रोल दिलं तो पुढच्या पाच वर्षांचं बघत असणार. पोरांची एवढी काळजी असेल तर सोपं आहे. मेसेज लिहिणाऱ्यांनी पोलिसांकडे जाऊन सांगावं की पोरं कुणी पाठवली, रॉड कुठून आले, टेबल उलटायचा निरोप कुणाच्या फोनवरून गेला. आमच्या निवेदनात तेच मागितलंय. त्याखाली सही करायला त्यांना अजून जागा आहे.

ताईला एवढंच कळवलंय की तक्रार मागे घ्यायची नाही, आणि सोमवारी भाच्याला घेऊन ठाण्यात जायचं, आरोपपत्राचं काय झालं ते लेखी विचारायचं, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. मीही येतोय.