अपत्ये २, इतर ३

तुमचं आडनाव कुलकर्णी असेल आणि तुम्ही पुण्यात राहत असाल, तर एव्हाना तुमचं कुलसंमेलन होऊन गेलं असेल. नसेल झालं तर धीर धरा, कुठलेतरी काका फोन करतीलच. आमचं गेल्या रविवारी झालं. मी माहेरची कुलकर्णी. माहेरवाशिणींना बिल्ले नव्हते, वर्गणी मात्र होती. जिलबी-मठ्ठा झाला, सत्कार झाले आणि आठशे रुपयांना कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक, हातात पडला. तो रात्री एक वाजेपर्यंत वाचला. आता एकाच आडनावाच्या दोन घराण्यांचं नातं कसं शोधावं, याचं शास्त्र मला पूर्ण अवगत झालंय. ते तुम्हालाही देऊन टाकते.

सुरुवात आडनावापासून करा, आणि शेवटही तिथेच करा. आडनाव एक म्हणजे रक्त एक. कुलकर्णी हा हुद्दा होता, गावागावात पाटलाच्या जोडीला वसुलीचा हिशोब लिहिणारा एकेक कुलकर्णी असायचा आणि परगण्याला देशपांडे, असलं काही कुणी सांगायला आलं तर त्याला पाणी देऊन वाटेला लावा. धारवाडकडे कानडी बोलणारे कुलकर्णी आहेत, सीकेपी कुलकर्णी आहेत, सारस्वत कुलकर्णी आहेत. असू देत, सगळे आपलेच. परगणा आणि कुलकर्णी वतनं, म्हणजे वंशपरंपरेनं चालणारे हुद्दे आणि त्यांचे हक्क, रद्द करणारा कायदा १९५० सालचा. काम गेलं, आडनाव राहिलं. मुळशीचा एक तलाठी आणि बारामतीचा एक तलाठी, यांच्या नातवंडांनी उद्या ‘समस्त तलाठी परिवार’ काढून एकमेकांच्या गळ्यात पडावं, तसंच आहे हे. आणि हो, जुन्या कागदांत ‘कुलकर्णी’च्या आधी एखादं वेगळंच उपनाव सापडलं, तर तिकडे डोळेझाक करा. तोच खरा धागा असतो, पण धरला तर वर्गणीदार कमी होतात.

गोत्र माहीत नसेल तर काश्यप लिहा.

कुलदैवत खंडोबा निघाला की प्रश्नच मिटला. अर्धा महाराष्ट्र तुमचा चुलतभाऊ.

मूळपुरुष निवडताना काटकसर नको. तो लढवय्या हवा आणि शक्यतो १७६१ साली पानिपतावर पडलेला हवा. आमच्या पुस्तकात पानिपतावर इतके कुलकर्णी पडलेत की त्या वर्षी गावांचा हिशोब कोण लिहीत होतं, अशी शंका येते. त्यातले एक पान ४१ वर अविवाहित धारातीर्थी पडतात आणि पान ४३ वर त्यांचे नातू सावकारी करतात. कारकुनाच्या पोटी जन्मल्याची लाज वाटते का हो तुम्हाला? पिढ्यान् पिढ्या बोरूनं आकडे लिहून पोट भरलं त्यांनी, चोरी नाही केली.

असो. मार्गदर्शन चालू ठेवते.

जुन्या सरकारी कागदांच्या दप्तरखान्याकडे चुकूनही फिरकू नका. पुण्यात आहे म्हणून काय झालं? तिथल्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडलेले ४५ खंड १९३०च्या दशकात छापूनही झाले. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे, तिथे मोडीही शिकवतात. आमचे संपादक काका तिथून दहा मिनिटांवर राहतात. “अहो ताई, आता सगळं नेटवर मिळतं,” म्हणाले.

आता जुना कागद कसा जपावा. हे नीट वाचा.

आमच्या घरी पणजोबांच्या हातचा एक मोडी कागद होता. चार पिढ्यांची नावं, कोण कुणाला दत्तक गेलं, वतनाच्या वाटण्या कशा झाल्या. घड्यांवर फाटायला आलेला, आजीनं मलमलच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेला. एप्रिलमध्ये संपादक काका आले, चहा घेतला, म्हणाले, “झेरॉक्स काढून संध्याकाळी आणून देतो.” ती संध्याकाळ गेल्या रविवारी उगवली. कागद स्टेजजवळच्या टेबलावर होता, हारामागे. लॅमिनेट केलेला! चकाकत होता. रसवंतीगृहाच्या दरपत्रकासारखा. प्लॅस्टिक पुरेना म्हणून खालची दोन बोटं कागद कापला होता, आणि तारीख नेमकी तिथे होती. मी विचारलं तर म्हणाले, “आता शंभर वर्षं काही होत नाही त्याला.” खरंय. काही होणार नाही, कारण जे व्हायचं ते झालंय. ते प्लॅस्टिक आता सोलायला गेलं की कागदही सोबत येणार. दोनशे रुपयांची पावतीसुद्धा लावली होती मागे, माझ्या नावानं.

आणि त्याहून सोपी युक्ती होती. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारायचं.

माझी थोरली आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. कोथरूडला असते. कोणत्या घरचं सुतक आपण दहा दिवस धरत होतो, कुणाचं तीन आणि कुणाचं नुसतं स्नान, हे ती आजही घडाघडा सांगते. भाऊबंदकीचा याहून चोख पुरावा कुठला? दहा दिवसांवाला सात पिढ्यांच्या आतला, तीन दिवसांवाला त्यापलीकडचा. त्र्यंबकला येणाऱ्या यजमानांच्या घराण्यांची नोंद ठेवणाऱ्या उपाध्यायांच्या चोपड्यात आजोबांची सही तिनं स्वतः पाहिलीय, त्यांच्या चुलतभावांच्या सह्यांच्या खाली. पुस्तकात ज्या नाशिकच्या घराला आमची थोरली पाती म्हटलंय, त्यांचं सुतक आम्ही कधीच धरलं नाही, म्हणाली. एका वाक्यात सोळा पानं रद्द.

तिला कुणी फोन केला नाही. का करतील? पुस्तकात आजोबांच्या नावापुढे छापलंय: ‘अपत्ये २, इतर ३.’

इतर! बाबा आणि माझे सख्खे काका ही अपत्ये. तीन आत्या म्हणजे इतर. माझ्या वडिलांपुढे ‘अपत्ये १, इतर १’ आहे, त्यातली इतर मी. पुस्तक उलटसुलट चाळलं, सगळीकडे तेच. वंशावळीच्या झाडाला फांद्या फुटतात त्या सगळ्या मुलग्यांना, सुना तर कुठून आल्या देव जाणे, त्यांना नुसतं ‘सौ.’ आहे.

संपादक काका, आता सरळच बोलते. आजोबा गेले तेव्हा तलाठ्यानं वारसनोंद केली, त्यात पाचही नावं आहेत. फेरफार काढून बघा, तिन्ही आत्यांची नावं पूर्ण लिहिलीत, सासरच्या आडनावासकट. कारण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं लिहावी लागतात. आणि पुढच्या महिन्यात हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायला भाऊ तिघींच्या दारी गेले तेव्हा एकीचंही नाव कुणी विसरलं नाही, पत्तेसुद्धा बरोबर सापडले. जमीन सोडवून घेताना लेक वारस आणि झाडावर चढवताना इतर? तलाठ्याला जे जमलं ते तुम्हाला सहा वर्षांत जमलं नाही. वर ‘आमच्याकडे माहिती आली नाही’ म्हणता. माहिती कोथरूडला बसलीय, दुपारी तीननंतर मोकळी असते, कमी ऐकू येतं म्हणून जरा मोठ्यानं बोला. आणि जाताना तो चकाकता कागद घेऊन या. माझा आहे तो.