खुलासा : लॉकमध्ये बोट घट्ट बांधू नये

इंग्लंडमधील कालव्यांवर सहलीची बोट चालवणाऱ्यांसाठी म्हणून एक संदेश सध्या मालवण-वेंगुर्ल्याच्या बोटवाल्यांमध्ये फिरत असून, लॉकमध्ये (कालव्याची पातळी बदलते तेथे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारा, वरच्या व खालच्या टोकाला दारे असलेला हौद) शिरताच बोट पुढून-मागून खुंटांना घट्ट बांधावी, असे त्यात सांगितले आहे. आपल्या खाड्यांत लॉक नसल्याने हा सल्ला पटण्याजोगा वाटतो. प्रत्यक्षात तो जिवावर बेतणारा आहे.

लॉकमधले पाणी दारांच्या झडपा उघडून केवळ उताराने सोडले जाते आणि काही मिनिटांत ते दोन-तीन मीटर खाली जाऊ शकते. भरतीला जेटीशी आखूड दोराने बांधलेली होडी ओहोटीला दोरावर लटकलेली आपण पाहिली आहे. तेथे सहा तासांत घडते ते येथे पाहता पाहता घडते. म्हणून खुंटाला दोराचा एकच वेढा घालून टोक हातात धरावे आणि पाणी उतरेल तसा दोर सैल सोडत जावे.

संदेशात उल्लेखही नसलेला धोका याहून मोठा आहे. वरच्या दाराच्या आत पाण्याखाली उंबरठा असतो. पाणी उतरताना बोटीचा मागचा भाग त्यावर टेकला, तर पुढचा भाग खाली झुकून बोट बुडू शकते. उंबरठ्याची हद्द बहुधा काठावर पांढऱ्या रेषेने दाखवलेली असते, तिच्या पुढेच बोट ठेवावी. तरीही बोट अडकलीच, तर खालच्या दाराच्या झडपा ताबडतोब बंद कराव्यात आणि मगच वरच्या सावकाश उघडाव्यात. यासाठी झडपेजवळ एक माणूस, नजर बोटीवर ठेवून, शेवटपर्यंत उभा हवा.