तांब्याचा तांब्या आणि यीस्टचे विकर

हिमोग्लोबिन ८ च्या आसपास असतानाही जुळे सोलापुरातील माझ्या मावशीने लोहाच्या गोळ्या बंद केल्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुराप्रमाणे यीस्टमधील तांब्याच्या विकराने (एन्झाइमने) ‘तांबेच लोह तयार करते’ हे सिद्ध झाले असून, रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले ताक आणि सोबत पाव घेतला की गोळ्या नकोत.

विकर खरे आहे, एवढे नाइलाजाने मान्य करतो. त्याचे नाव फेट-३. ते यीस्टच्या पेशीपटलात रुतलेले असल्याने पेशी फोडून, पटले वेगळी करून, डिटर्जंटने सोडवून घ्यावे लागते. १९९७ मध्ये संशोधक जेरी कॅपलान यांच्या गटाने ते शुद्ध करून त्याचे गुणधर्म मांडले. त्यात तांब्याचे चार अणू असतात, ते निळे दिसते आणि ६१० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषते. मात्र ते लोह तयार करत नाही. आधीच असलेल्या फेरस (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) लोहाचा आणखी एकेक इलेक्ट्रॉन काढून त्याचे फेरिक (तीन गमावलेले) करते आणि असे चार इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन पाणी बनवते. चार जागा भरल्यावर वरचे तांबे तिथे बसणार कुठे? शिवाय यीस्टमध्ये हे काम लोह आत घेताना होते. आपल्या आतड्याची पेशी फेरस लोह थेट आत घेते आणि हेफेस्टिन हे तांब्याचेच विकर ते रक्तात सोडताना कामाला येते.

तांब्याच्या कमतरतेनेही रक्तक्षय होतो, हे खरे. पण ती क्वचितच आढळते. प्रौढाची रोजची गरज सुमारे ०.९ मिलिग्रॅम असते आणि शेंगदाणे, तीळ, डाळी खाणाऱ्या सोलापूरकराची ती सहज भागते.

खरा संताप ताकाचा आहे. आंबट ताक तांबे विरघळवते आणि असे ताक पोटात गेले की मळमळ, उलट्या, पोटदुखी होऊ शकते. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकते, हे आमच्या आजीला कोणत्याही प्रयोगशाळेविना ठाऊक होते. म्हणूनच कल्हईवाल्याची हाक आली की घरातली भांडी आधी दाराशी जात. मावशीच्या तांब्याला आतून कल्हई नव्हती. सकाळी ताक ओतून दिले, तेव्हा काठाला हिरवट कड धरलेली होती आणि तांबे जिथवर ताकात बुडाले होते, तिथवर नव्यासारखे लखलखत होते. ती लकाकी गेलेल्या तांब्याची होती आणि ते गेले होते ताकात.

पावाबद्दल काय लिहावे! भट्टीत भाजून निघालेले यीस्टचे विकर पोटात इतर प्रथिनांसारखेच पचते.