पाय पुरतील तेवढी गाडी

आठवडाभर कोथरूडहून हिंजवडीला निमूट जाईल आणि रविवारी पानशेतच्या पुढे डांबर संपलं तरी कुरकुरणार नाही अशी एक हलकी मोटारसायकल हवी, एवढंच माझं मागणं होतं. ते मी घरात, ऑफिसात आणि सोसायटीच्या कट्ट्यावर बोलून दाखवलं. त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी कुणी पावसापाण्याचं बोललं नाही. भेटेल तो सीसीत बोलायला लागला.

सल्लागारांत दोन पंथ होते. पहिल्याचे प्रमुख माझे मेव्हणे. त्यांच्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० आहे. ४५२ सीसी, ४० पीएस ताकद, १७ लिटरची टाकी आणि पेट्रोल भरून १९६ किलो. हे सगळे आकडे ते स्वतःची वार्षिक बढती सांगावी तसे सांगतात. "दाजी, घ्यायची तर एकदाच घ्या. दोनशे सीसीत हायवेला ट्रक मागे टाकताना जीव जातो." मी हायवेला ट्रक मागे टाकणार कधी, हा प्रश्न मी विचारला नाही. मेव्हण्यांना उलट प्रश्न विचारायचे नसतात, ते थेट बहिणीकडे जातात.

दुसऱ्या पंथाचा प्रमुख माझा भाचा. हा मुलगा जानेवारीत अभ्यास सोडून डाकार रॅलीचे, म्हणजे वाळवंटातल्या गाड्यांच्या शर्यतीचे, निकाल बघत बसतो. २०२४ साली रॉस ब्रांच हिरोच्या गाडीवर दुसरा आला तेव्हा याने घरात पेढे आणले होते. स्वतःच्या बारावीला आणायची वेळ आली नव्हती. त्याचं म्हणणं एकच. "मामा, पॉवर ही कट्ट्यावर बोलायची गोष्ट आहे. तू वजन बघ."

हे वजनाचं प्रकरण मला केळदच्या अलीकडे समजलं. मढे घाट बघायला आम्ही निघालो होतो. मेव्हणे पुढे, त्यांच्यामागे मी जुन्या स्कूटरवर. भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या एका कच्च्या वाटेवर त्यांनी मला गाडीची करामत दाखवायला घेतली आणि गाडी अतिशय सावकाश, जणू विचार करून, डाव्या कुशीवर झोपली. दोष गाडीचा नव्हता, चिखलाचा होता. मेव्हण्यांचाही होता, पण तो मी घरी सांगितलेला नाही.

पडलेल्या गाडीचं वजन माहितीपत्रकात छापत नाहीत. आम्ही दोघं समोरासमोर उभे राहून, हँडल आणि मागचं कॅरिअर धरून ओढू लागलो तसे आमचेच पाय मागे घसरायला लागले. मग मेव्हण्यांनी मोबाइलवर कधीतरी पाहिलेली युक्ती आठवली. गाडीकडे पाठ करायची, बुड सीटला टेकवायचं, एका हाताने हँडलचं टोक आणि दुसऱ्याने मागचा गज धरायचा, आणि कंबरेऐवजी मांड्यांच्या जोरावर गाडी मागे रेटत पावलापावलाने उभी करायची. युक्ती खरी आहे. फक्त ती करताना दोन पोक्त माणसं रानात पाठमोरी कुंथताना दिसतात.

त्याच वेळी समोरून एक दूधवाला स्प्लेंडरवर आला. पायात स्लिपर, मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. ज्या चिखलात आम्ही झोपलो होतो त्यातून तो दोन्ही पाय खाली सोडून, पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत निघून आला. गाडीला पुढचं मडगार्डच नव्हतं. चिकट माती चाक आणि मडगार्डच्या फटीत बसते, दाबून दाबून घट्ट होते आणि शेवटी चाक फिरायचं थांबतं. मग काटकी घेऊन ती कोरत बसावी लागते. म्हणून पावसाळ्यात त्याने ते काढूनच ठेवलं होतं. ट्रेलच्या, म्हणजे कच्च्या वाटांसाठीच्या, गाड्यांना पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर उंच लावतात त्याचं कारणही हेच. तिथे त्याला तंत्रज्ञान म्हणतात आणि वेगळे पैसे घेतात.

दूधवाल्याने गाडी स्टँडला लावली, आमच्या मध्ये शिरला, गाडी उभी करून दिली आणि तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघत मेव्हण्यांना म्हणाला, "एवढी जड कशाला आनली?"

मी तिथेच हिशेब केला. स्प्लेंडर ११२ किलो. त्यावर वीस-वीस लिटरचे दोन कॅन धरले तरी दीडशेच्या आसपास. म्हणजे दुधासकट ती मेव्हण्यांच्या रिकाम्या गाडीपेक्षा चाळीस किलोंनी हलकी होती. १९९४ पासून ही गाडी महाराष्ट्राच्या प्रत्येक पाणंदीतून जाते आहे आणि तिला कुणी कधी अ‍ॅडव्हेंचर म्हटलेलं नाही.

मग स्प्लेंडरच का नको? हा प्रश्न मी भाच्याला विचारला. तो म्हणाला, "मामा, तो त्या वाटेने रोज जातो. तू रविवारी जातोस, तेही पाऊस नसला तर." मला ते लागलं, पण पटलंही. पुढचं २१ इंची चाक खड्ड्यात न पडता त्याच्यावरून जातं, लांब हालचालीचं सस्पेन्शन दगड गिळतं. अंगात कसब नसलेल्या माणसाला ते असं दुकानात विकत मिळतं. माझ्यासारख्यांना ते घ्यावंच लागतं.

एक सांगून ठेवतो. ट्रेल म्हणजे मला धरणांच्या कडेच्या कच्च्या वाटा, बैलगाडीचे रस्ते अभिप्रेत आहेत. वेताळ टेकडीवर सकाळी आजी-आजोबा फिरत असताना सायलेन्सर फोडत गाडी चढवणाऱ्यांबद्दल माझं मत छापण्यासारखं नाही.

तर वजन ठरलं: दीडशेच्या आसपास. आता सोपं होतं असं वाटलं, आणि इथेच उंची आडवी आली.

माझी उंची पाच फूट पाच इंच. त्यातल्या पायांच्या वाट्याला किती इंच आलेत याची चौकशी आजवर फक्त शिंप्याने केली होती. आता कळलं की आतून मोजली तर पायांची लांबी २९ इंच, म्हणजे ७३७ मिलिमीटर आहे. स्प्लेंडरची सीट ७८५ वर. २०१९ साली आलेल्या हिरोच्या एक्सपल्स २००ची ८२३ वर. तिच्याच फोर-व्ही प्रो अवताराची ८९१ वर. कावासाकीची केएलएक्स २३० वजनाला १३९ किलो, म्हणजे भाच्याच्या भाषेत मोक्षच, पण सीट ८८० वर. गाडी जितकी रानात शहाणी, तितकी ती माझ्यापासून वर जात होती. पोटाखालून दगड जायला हवा तर गाडी उंच हवी, आणि सिग्नलला पाय टेकायला हवा तर मालक उंच हवा. पहिली सोय कंपनी करते. दुसरी माझ्या आईवडिलांनी केलेली नव्हती.

एका शोरूममध्ये (कुठल्या ते सोडा) मी अशा एका उंच गाडीवर चढलो. चढलो हा शब्द मुद्दाम वापरतोय. आधी स्टँडवर, मग फुटरेस्टवर, मग टांग. विक्रेता मुलगा उत्साहाने म्हणाला, "सर, पाय सोडा." मी सोडले. ते हवेतच राहिले. "सर, तुम्ही बसलात की सस्पेन्शन खाली बसतं." हे शास्त्र बरोबर आहे. लांब हालचालीचं सस्पेन्शन माणसाच्या वजनाने इंच-दोन इंच दबायलाच हवं. पण माझं वजन ५८ किलो. मी दोनदा बुड आपटलं. गाडीने माझी दखल घेतली नाही.

"सर, एक पाय टेकला तरी पुरतं. एका बाजूला सरकून बसायचं." त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. सीटवरून अर्धं बुड खाली सोडायचं, डावा पाय पुरता टेकवायचा, उजवा ब्रेकवर. मी करून पाहिलं, जमलं. मात्र कर्वे पुतळ्यापासून चांदणी चौकापर्यंतचे सिग्नल डोळ्यांसमोर आले आणि त्या प्रत्येक सिग्नलला अर्ध्या बुडावर लटकलेला मी दिसलो. शिवाय हल्ली मी रस्त्याने जाताना फूटपाथच्या कडेची उंची न्याहाळू लागलो होतो, कुठे टेकता येईल म्हणून. हे लक्षण बरं नव्हे.

भाच्याने मध्येच एक अतिहलकी, रानासाठीच बनवलेली गाडी सुचवली. तिला दिवे नाहीत, आरसे नाहीत आणि नंबर प्लेटही मिळत नाही, कारण ती रस्त्यावर चालवायलाच परवानगी नाही. ती टेम्पोत घालून डोंगरापर्यंत न्यायची. म्हणजे गाडी चालवायला गाडी. आमच्या सोसायटीत एका स्कूटरच्या जागेवरून सभा होते, तिथे हे शक्य नव्हतं.

सोसायटीचं निघालंच आहे तर, खालच्या मजल्यावरचे काका रोज विचारत, "अलॉय नाहीत? ट्यूबलेस नाही? आजच्या काळात?" त्यांना समजावताना माझी संध्याकाळ जाई. तारांचं चाक दगडावर आपटलं तर वाकतं, अलॉयच्या ओतीव चाकासारखं सहसा तडकत नाही, आणि वाकलेलं चाक ठोकून सरळ करता येतं. तारा रिममधून आरपार गेलेल्या असल्यामुळे तिथून हवा जाते, म्हणून आत ट्यूब. "म्हणजे पंक्चर झालं तर?" तर चाक काढायचं. पानशेतच्या पुढे पंक्चरवाल्याकडे २१ इंची ट्यूब असेलच असं नाही, म्हणून ती आपणच जवळ ठेवायची. वेळ पडली तर तीच मागच्या १८ इंची चाकातही कोंबून घरापर्यंत येता येतं. काका एवढं ऐकून घेत आणि म्हणत, "मायलेज किती?"

हाच प्रश्न २०११ साली आमच्या ऑफिसात एकाने इम्पल्स घेतली तेव्हा सगळ्यांनी विचारला होता. दीडशे सीसी, उंच, सडपातळ, रानातली गाडी. हिरोने ती आणली तेव्हा आपल्याकडे असं काही मिळतच नव्हतं. त्याला कुणी गाडी कशी चालते ते विचारलं नाही. पुढे ती बंदही झाली. आता तेच लोक जुनी इम्पल्स कुठे मिळते का बघतात.

घरातली चौकशी वेगळ्या अंगाने चालू होती. "अहो, मागे मी कुठे बसायचं?" बायकोने चित्र बघून विचारलं. मी सीटचा मागचा भाग दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला. "आणि साडी?" इथे मात्र मी तयारीत होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२३: मोटारसायकलला मागच्यासाठी धरायला दांडी, टेकायला फुटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं निम्मं चाक झाकणारी जाळी हवीच. डाकारची स्वप्नं पाहणारी गाडीही आपल्याकडे साडी गार्ड लावूनच शोरूमबाहेर पडते. बायकोला कायदा आवडला. भाचा हळूच म्हणाला, "पहिल्याच दिवशी ते काढतात मामी." त्याला मी चहा आणायला आत पाठवलं.

नव्या गाडीचा ऑन-रोड भाव ऐकल्यावर बायकोने माझ्याकडे जसं पाहिलं त्यावरून जुनी घ्यायची ठरली. जुनी, हलकी, ८२३ वाली एक्सपल्स. वारज्यात एका मुलाकडे होती. एकाच मालकाची, सर्व्हिस वेळेवर आणि, त्याच्या शब्दांत, "काका, फक्त ऑफिसला वापरलीय." जुन्या गाडीचं चारित्र्य वरून कळत नाही. मी खाली बसलो आणि इंजिनखालच्या संरक्षक पत्र्यावरून बोट फिरवलं. पुढून मागे लांब चरे, मधोमध बोट बसेल एवढा पोचा, त्यात वाळलेली लाल माती. क्लचच्या दांडीचं टोक घासून चपटं झालेलं. गाडी डाव्या कुशीवर झोपायची हेही कळलं.

"हे काय?"

"स्पीडब्रेकर आहेत ना काका आमच्या इथे."

आता पुण्यात राहणाऱ्या माणसाने या उत्तरावर काय बोलावं? मीही तसले स्पीडब्रेकर पाहिलेत.

मग मी बसून पाहिलं. दोन्ही पायांचे चवडे टेकले, टाचा नाहीत. मी मान हलवत उतरणार तेवढ्यात बायको "थांबा, माझंही बघू दे" म्हणत मागे बसली. मागचं सस्पेन्शन एक सुस्कारा टाकून खाली गेलं आणि माझ्या दोन्ही टाचा अलगद जमिनीला टेकल्या. पुऱ्या. मी तिला उतरायला लावलं, टाचा उचलल्या गेल्या. परत बसवलं, टेकल्या.

"म्हणजे मी मागे असल्याशिवाय तुमचे पाय जमिनीवर राहत नाहीत," ती शांतपणे म्हणाली. "हे लग्नापासून माहितीय मला."

त्या मुलाने हसून घेतलं, पण भावात एक रुपया कमी केला नाही. टोकन दिलं, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. निघताना बायकोने मागच्या चाकाकडे बोट दाखवून विचारलं, "इथली जाळी कुठंय?" तो "एक मिनिट वहिनी" म्हणत घरात गेला आणि माळ्यावरून साडी गार्ड घेऊन आला. कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, कोरं करकरीत, एकही चरा नसलेलं.